तापलेलं इंजिन

शाळेच्या मैदानावर गवत कापणाऱ्या अण्णांना पेट्रोल भरताना पाहिलं की नव्या माणसाला वाटावं, हा गृहस्थ पक्का कामचुकार. बसून चालवायचं ते लाल मशीन उघड्यावर, सपाट जागी आणायचं, बंद करायचं, चावी खिशात टाकायची आणि उलट्या बादलीवर बसून राहायचं. चांगली वीस मिनिटं! मधेच उठून इंजिनाच्या पत्र्याजवळ हात न्यायचा, ऊब लागली की परत बादलीवर. शिपाई चेष्टा करायचे की अण्णांचं मशीन बाळंतीण आहे, त्याला आराम लागतो. अण्णा हसायचे नाहीत. हसणार कुठून? त्या वीस मिनिटांत त्यांना मागून हाक ऐकू यायची.

"अण्णा, बंद करू का?"

हाक भोंग्याची. भोंगा म्हणजे त्यांचा जोडीदार. तो कानात कुजबुजला तरी मैदानापलीकडे ऐकू जायचं, म्हणून हे नाव. बावीस वर्षं दोघांनी मिळून मैदान राखलं. आठ महिन्यांपूर्वी तो भाजून गेला, आणि तरी रोज हाक मारतो. अण्णा वळून बघत. मागे कुणी नसे. पण मशीनची रिकामी सीट एखादे वेळी कुणी बसल्यासारखी दबलेली दिसे, आणि अण्णांच्या अंगावर सर्रकन काटा येई.

झालं होतं असं. तेव्हाच्या जुन्या मशीनची बॅटरी संपत आली होती. एकदा बंद केलं की परत चालू करायला तासाची खटपट. मग या दोघा शहाण्यांनी युक्ती काढली: एकानं सीटवर बसून इंजिन चालू ठेवायचं, दुसऱ्यानं तसंच पेट्रोल ओतायचं. वर्षभर निभावलं. त्या दिवशी दुपारी सामने होते, अर्धं मैदान कापायचं राहिलं होतं, आणि इंजिन नुसतं भाजत होतं. डबा हातात घेऊन भोंग्यानं विचारलं, बंद करू का? सीटवरून अण्णा खेकसले, वेळ नाही, भर तू मुकाट्यानं. डबा कलला, पेट्रोल तापल्या पत्र्यावर सांडलं आणि भडका उडाला. अण्णांनी उडी मारली. भोंग्याच्या हातात पेटता डबा, त्याला उडी मारायला वेळच नव्हता.

चौकशीत अण्णांनी सांगितलं, मी नळावर होतो, त्यानं एकट्यानंच भरायला घेतलं. सगळं खापर मेलेल्याच्या डोक्यावर. भोंग्याचा आवाज केवढा मोठा, पण आता तो कसला बोलतोय?

शाळेनं त्याची जागा त्याच्या बायकोला दिली, आणि शिकवायला कोण, तर अण्णाच. वहिनी हुशार. चार दिवसांत सगळं पाठ: इंजिन बंद करून थंड होऊ द्यायचं, टाकी काठोकाठ भरायची नाही, सांडलेलं पुसायचं, झाकण घट्ट लावायचं, डबा लांब ठेवायचा, मशीन पाच-सात पावलं पुढे ढकलायचं. मग सीटवर बसून ब्रेक दाबायचा, पातं बंद आहे ना ते बघायचं आणि तेव्हाच चावी फिरवायची. शिकता शिकता वहिनींचं तोंड चालू असायचं, आणि बोलणं एकच. नवरा धांदरट होता, स्वतःही मेला आणि आम्हालाही उघड्यावर टाकून गेला. अण्णा खाली मान घालून ऐकत. त्यांना जेवण जाईना. एकीकडे नोकरी आणि अब्रू, दुसरीकडे हे रोजचं ऐकणं.

पाचव्या दिवशी मैदानाच्या मधोमध पेट्रोल तळाला गेलं. शाळेचे साहेब लांबून हात हलवून घाई करत होते. वहिनींनी हातब्रेक ओढला, खाली उतरल्या आणि इंजिन घुरघुरत असतानाच टाकीच्या झाकणाला हात घातला. अण्णा कसे धावले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. वहिनींना बाजूला ढकलून त्यांनी चावी उपटली आणि खिशात टाकली.

वहिनी चिडल्या. "एवढं काय झालं, भावजी? मी काय यांच्यासारखी धांदरट आहे?"

"तो धांदरट नव्हता, वहिनी." अण्णा म्हणाले. "बंद करू का म्हणून त्यानं विचारलं होतं. मीच नको म्हणालो. सीटवर मी होतो."

वहिनी म्हणाल्या, "आठ महिने त्या माणसाला मी शिव्या घालतेय. लेक बापाचं नाव काढू देत नाही घरात."

अण्णा रडायलाच लागले. साहेबांना आजच खरं लिहून देतो, नोकरी सोडतो, असं काहीबाही बोलू लागले. वहिनींनी मधेच तोडलं.

"ते कराच. आधी घरी चला. तिला सांगा."

दार मुलीनंच उघडलं. दहावीतली पोर, डोळे थेट बापाचे. काका, किती दिवसांनी आलात, म्हणत तिनं खुर्ची पुढे केली. अण्णा बसले नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं, नळावर गेल्याचं खोटं बोललो तेसुद्धा. मुलगी रडली नाही, ओरडलीही नाही. तिनं एवढंच विचारलं, "मग बाबांनी तुमचं का ऐकलं?"

अण्णांनी दाराची चौकट धरली.

"बावीस वर्षं तो माझंच ऐकत आला होता, बाळा."