सिस्टर भावात हरते तेव्हा

सिल्वासात चर्चची संस्था गरिबांसाठी कपड्या-चपलांचं दुकान चालवते. तिथल्या सिस्टरने माझ्या दुकानातले न खपलेले सेफ्टी बूट मातीमोल भावात उचलले, त्याने अजून माझं डोकं तापतं. ती हळू बोलते, चष्मा पुसत राहते आणि तसूभर हटत नाही.

परवा मी तिथे गेलो, तेव्हा नंदुरबारचा एक गडी तेच बूट बघत होता. नरोलीच्या कारखान्यात नवा लागलेला. बुटांशिवाय दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवणार होते.

"जुना माल शे, सिस्टर. कमी करा."

"नाही परवडत, भाऊ."

तो रेटत गेला, ती कुरकुरत उतरत गेली. मला चेव आला. "अजून ताण रे!"

"शेठ, तुम्ही मध्ये पडू नका," ती म्हणाली आणि अगदी पडेल चेहऱ्याने बूट दिले.

तो गेल्यावर मी भडकलो. "इतकं उतरायचं होतं तर फुकटच द्यायचे!"

"आधी संस्था फुकटच वाटायची. माणसं तोंड लपवून यायची. मग आमच्या जुन्या सिस्टरनी भाव लावले आणि आम्हाला हरायला शिकवलं."

बाहेर तो रिक्षावाल्याला सांगत होता, "सिस्टरला पार घाम फोडला."

मी दारात येऊन त्या दोघांना म्हणालो, "खरंय. मला नाही जमलं."