सौदाजी कोण होता

समोरच्याचा आवाज चढला, की तो उजवा तळहात पालथा करायचा आणि उतू जाणाऱ्या दुधावर झाकण ठेवावे तसा हवेतून खाली आणायचा. ‘हळू मेल्या,’ म्हणायचा. साहेबाला, शेजाऱ्याला, भांडणाऱ्या नवरा-बायकोला. एकदा तर कारखान्यातल्या प्रेस मशीनलाही. मशीनने ऐकले नाही. बाकीचे ऐकत.

आज हे लिहिण्याचे कारण असे, की आमच्या भांडुपच्या सोसायटीने सुवर्णमहोत्सवी स्मरणिका काढली असून तीत या माझ्या गाणाऱ्या शेजाऱ्यावर अर्धे पान आहे. त्या अर्ध्या पानात जितकी वाक्ये, तितक्या चुका आहेत. एका वाक्यात दोन आहेत, पण ते वाक्य लांब आहे. संपादक मंडळातील एकाचाही त्या वेळी जन्म झालेला नव्हता. मी तिथे होतो. इतकेच नव्हे, तर त्याच्या गाण्यांच्या एकुलत्या कॅसेटवर काडेपेटी वाजवणारा मीच. स्मरणिकेत ‘खुळखुळा’ असे छापले आहे. खुळखुळा आणि काडेपेटी यांतला फरक ज्यांना कळत नाही, त्यांनी संगीतावर अर्धे पान लिहू नये.

आम्ही दोघे मरोळच्या एका कारखान्यात होतो. तो प्रेस विभागात, मी आराखडे काढण्याच्या कचेरीत. राहायलाही एकाच इमारतीत, तो माझ्या डोक्यावर. मूळचा मालवणकडचा, एकटा, आणि आमच्याकडे येण्यापूर्वी मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत वर्षे काढलेला. त्याचे जहाज एकदा ब्राझीलच्या एका बंदरात दुरुस्तीसाठी सहा-सात महिने अडकले. अशा मुक्कामात माणसे दारू शिकतात. हा गिटार शिकला, आणि गिटारीबरोबर बंदरावरची पोर्तुगीज.

तिकडच्या त्या गाण्याला बोसा नोव्हा म्हणतात. ते बोलल्यासारखे म्हणायचे असते. शेजारच्या खोलीत कोणी आजारी आहे असे धरून. आमच्या लोकांना हे पटणे कठीण. आपल्याकडे गाणे म्हणजे गळ्याच्या शिरा दिसल्या पाहिजेत. तो कुठेही गायला बसला, की दुसऱ्या ओळीला कोणीतरी ‘आवाज वाढवा’ म्हणे आणि तो गिटार पिशवीत घाली. रागावत नसे. फक्त मला जिन्यात म्हणायचा, ‘एकदा तरी, कवी. एक गाणां तरी लोकांनी गप बसून ऐकूक व्हया.’ त्या माणसाने आयुष्याकडे मागितलेले मला ठाऊक असलेले एवढेच.

‘कवी’ तो मला म्हणे, आणि त्यात थट्टा नव्हती. कारखान्यातून निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाचे मानपत्र मी वृत्तात लिहीत असे. मात्रा एक इकडची तिकडे नाही. म्हणूनच कॅसेट काढायची ठरली तेव्हा मराठी शब्दांचे काम माझ्याकडे आले. प्रत्येक गाणे अर्धे पोर्तुगीज, अर्धे मराठी. चाल त्याची. तो पोर्तुगीज ओळ गाऊन ढोबळ अर्थ सांगे आणि मी त्या मापाची मराठी ओळ बसवी. ताल मात्र माझ्या गळी उतरेना. मी सम शोधत बसे, आणि सम आली की ती निघून गेलेली असे. सम आहे तरी कुठे, असे मी शेवटी चिडून विचारले.

‘आसा रे. पण समेर येवचां, दार वाजवूचां नाय.’

मग त्याने माझ्या हातात काडेपेटी दिली. अर्धी भरलेली, पूर्ण भरलेली गप्प बसते आणि रिकामी फार बोलते. ही विद्या मला आजही येते, संपादक मंडळाने केव्हाही परीक्षा घ्यावी.

ध्वनिमुद्रण दर रविवारी दुपारी त्याच्या स्वयंपाकघरात होई. खिडकीला गोधडी, ओट्यावर टेपरेकॉर्डर, आणि भिंतीपलीकडे शेजारणीचा कुकर. त्या कुकरनेच घात केला. एका गाण्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी एक शब्द येत होता. त्याचा उच्चार माझ्या कानाला आला तो असा: सौदाजी. मी अर्थ विचारला आणि तो सांगू लागला तोच शिट्टी झाली. शिट्टीच्या या बाजूला मला ऐकू आले ‘जो लांब गेलो...’ आणि त्या बाजूला ‘...घरात त्याची जागा रिकामीच.’ मला तेवढे पुरले. सयाजी, बाळाजी, सौदाजी. ज्याला मराठी कान आहे तो याहून वेगळे काय ऐकणार? त्याच दुपारी मी लिहून दिले:

सौदाजी, तुझं ताट मांडलंय,
वरण निवत आलं;
चप्पल तुझी दाराशी तशी,
ऊन आत आलं.

त्याने कागद वाचला, पुन्हा वाचला, माझ्याकडे पाहिले आणि गिटार उचलली. मी मनात म्हटले, दाद द्यायला शब्द सुचत नाहीत बिचाऱ्याला.

कॅसेट तयार झाली. नाव ‘हळू’. वेष्टणावरची अक्षरे माझी, आराखड्यांच्या काळ्या शाईत. मोजक्या प्रती निघाल्या. एक मी अभिमानाने कचेरीत नेली आणि डबा खाण्याच्या सुट्टीत लावली. आमचे टंकलेखक गोव्याचे वयस्कर गृहस्थ होते. लहानपणी पोर्तुगीज शाळेत शिकलेले. सौदाजीचे गाणे लागले तशी त्यांची मान डोलू लागली. मराठी भाग आला आणि त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन त्यांनी मोठ्या अदबीने विचारले, ‘हे सौदाजी म्हणजे कोण, साहेब?’

मी म्हणालो, ‘आहे एक. दूर गेलेला.’

‘माफ करा हं. पण हे विशेषनाम नव्हे. भाववाचक नाम आहे.’

वाचकहो, मानपत्रे लिहिणाऱ्या माणसाला कोणी डब्यावर बसून व्याकरण शिकवावे, यासारखी नामुष्की नाही. गेलेल्याची जी ओढ लागून राहते, तिला तिकडे तो शब्द आहे. मी ओढीला जेवायला वाढले होते. तिच्या चपला दाराशी ठेवल्या होत्या. आणि आठ दिवसांवर सोसायटीचे वार्षिक स्नेहसंमेलन होते. त्यात हीच गाणी गच्चीवर म्हटली जाणार होती, कवी म्हणून माझ्या नावासकट.

त्या संध्याकाळी मी सुधारलेल्या ओळी घेऊन वर गेलो. तो कांदा चिरत होता. मी घडले ते सांगितले. तो चिरतच राहिला.

‘माका पयल्या दिवसापासून ठाऊक,’ तो म्हणाला.

मग बोलला का नाहीस, असे मी विचारले. जिन्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारले. तळहात खाली आला.

‘हळू मेल्या. सांगितलं असतं, तर तू तिथे ‘विरह’ घातला असतास.’

माझ्या खिशातल्या कागदावर ‘विरह’च होते. दोनदा होते.

‘शब्दाची वाट कोण बघता रे? माणसाची बघतत,’ तो म्हणाला आणि कांदा कढईत टाकला. मी बजावले, की ओळी बदलल्या नाहीत तर माझे नाव काढावे लागेल. तो म्हणाला, काढतो. मग मी म्हणालो, राहू दे. नाव काढून घेणे वेगळे आणि कोणी काढणे वेगळे.

स्नेहसंमेलनाच्या फलकावर पेंटरने ‘बसा नोव्हा’ असे लिहिले होते. मागच्या रांगेतल्यांना ती सूचना वाटली आणि ते बसले. तेवढा एक फायदा झाला. लाऊडस्पीकरवाल्याच्या लेखी आवाजाला एकच दिशा होती, वरची. पहिल्या गाण्याला मागून ‘आवाज वाढवा’ आले, त्याने वाढवला. दुसऱ्याला पुन्हा आले, पुन्हा वाढवला. कर्ण्यातून शिट्टी निघू लागली आणि गिटार सुरू न होणाऱ्या स्कूटरसारखी वाजू लागली. त्याने वाजवणे थांबवले. हात पिशवीकडे गेला. तो हात मी पाहिला.

स्मरणिका म्हणते, ‘अचानक वीजपुरवठा खंडित झाला.’ सपशेल खोटे. वीज गेली नव्हती. मी घालवली. तीन मजले उतरून मीटरखोलीत गेलो, सबंध इमारतीचा फ्यूज उपसला आणि खिशात काडेपेटीशेजारी ठेवला. इतक्या वर्षांत हे कोणाला सांगितले नाही. आता सांगतो, कारण माझ्या कर्तबगारीचे श्रेय विद्युत मंडळाला जाताना मला पाहवत नाही.

वर आलो तेव्हा कर्णे मुके होते. दिवेलागणीचा उजेड होता, तोंडे दिसत होती. त्याने पिशवीत अर्धी गेलेली गिटार बाहेर काढली होती. लोक आधी कुजबुजले. मग कुजबुजीमुळे ऐकू येईना म्हणून एकमेकांना गप्प करू लागले. मी काडेपेटी काढली. त्याने सौदाजी धरले. ‘वरण निवत आलं’ या ओळीला मागच्या रांगेत कोणाची खुर्चीसुद्धा वाजली नाही.

गाणे संपले तेव्हा पहिल्या रांगेतून तळमजल्यावरच्या आजींचा आवाज आला. त्याही मालवणकडच्याच, त्यांचा मुलगा बोटीवर गेला होता तो पत्रापुरताही उरला नव्हता.

‘हो सौदाजी खंयचो रे?’

माझ्या हातातली काडेपेटी घामाने मऊ झाली. कुठला म्हणून विचारल्यावर आता हा व्याकरण सांगणार.

‘बोटीवरचो,’ तो म्हणाला.

‘मगे, इलो काय?’

‘नाय गे आये. येतलो.’

तो येणार हे ऐकून आजींनी मान हलवली. ‘टाळ्यांचा कडकडाट झाला’ असे स्मरणिकेत आहे. एकही टाळी वाजली नाही. लोक हळूच उठले, खुर्च्या न ओढता मिटल्या आणि खाली गेले. गच्चीवर आम्ही दोघेच उरल्यावर तो मला म्हणाला, ‘जालां.’ म्हणजे, झाले. मग माझ्या फुगलेल्या खिशाकडे पाहून म्हणाला, ‘लोकांच्या घरात जेवणां आसत. जागेवर लाव तो.’

पुढे आजी जिन्यात भेटल्या की सौदाजी आला का म्हणून त्याला विचारत, ‘इलो काय?’ तो म्हणे, ‘येतलो.’ काही वर्षांनी प्रेस विभाग बंद झाला आणि तो पुन्हा जहाजावर गेला. निघताना गिटार माझ्या कपाटावर ठेवली. तारा सैल ठेव, नाहीतर मान वाकते, एवढेच सांगितले. दोन बंदरांहून दोन पत्रे आली. तिसरे आले नाही. पुढच्या खेपेस आजींनी जिन्यात मला अडवले आणि विचारले, ‘इलो काय?’ त्या सौदाजीविषयी विचारत होत्या, मुलाविषयी, की वरच्या मजल्याविषयी, हे मला कळले नाही. मी आयुष्यभर लोकांना त्यांचे कर्ते आणि कर्म नीट करायला लावले आहे. त्या दिवशी लावले नाही.

स्मरणिकेत शेवटी ‘परदेशी स्थायिक’ असे म्हटले आहे. स्थायिक होणारा माणूस गिटार शेजाऱ्याच्या कपाटावर ठेवून जात नाही. गेल्या आठवड्यात आमचे चिटणीस आले. महोत्सवाच्या प्रदर्शनात मांडायला त्यांना ती हवी होती. मी म्हणालो, वस्तू मालकाची आहे, त्याला विचारा. ते तरुण आहेत, सभ्य आहेत. म्हणाले, ‘काका, पण ते येणार आहेत का?’

हा प्रश्न मला नवा नाही. मी मूळचा साताऱ्याचा. पण त्याचे उत्तर मी मालवणीतच देतो.