एका कोयत्याला एक नाव

शिरूर कासारला बसस्टँडजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबाऱ्यापासून पॅनकार्डापर्यंत सगळं माझ्याकडे होतं, आणि त्याचा थोडा रुबाब मला चढलाच होता.

ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी आमचा मुकादम अपघात विम्याची यादी करायला आला. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आमच्याकडे मोजणीच तशी. तो कोयते सांगत गेला, मी एकेका कोयत्यापुढे पुरुषाचं नाव टाकत गेले. माझ्या थोरल्या दिरांचंही टाकलं. जाऊबाई त्याच जोडीत होत्या हे मला माहीत नव्हतं असं नाही. डोक्यातच आलं नाही. यादीवर दुकानाचा शिक्का मारला, चहा पाजला आणि त्याला वाटेला लावलं.

संक्रांतीच्या सुमारास मोळी चढवताना जाऊबाई फळीवरून घसरल्या. उजवा हात ट्रकच्या फाळक्यात सापडला. तीन बोटं गेली.

कागद घेऊन मी स्वतः बीडला विम्याच्या ऑफिसात गेले. तिथला साहेब सभ्य होता, त्याचाच जास्त राग आला. त्याने पॉलिसीतली ओळ दाखवली: कंपनीची जबाबदारी सोबतच्या यादीतल्या नावांपुरती मर्यादित. कोयता म्हणजे दोन माणसं, हे जिल्ह्यातलं शेंबडं पोरही सांगेल, असं मी त्याला सुनावलं.

"मॅडम, आम्ही कोयत्याचा विमा काढत नाही. नावाचा काढतो," तो म्हणाला आणि यादी माझ्यापुढे सरकवली. शिक्का माझाच होता.

घरी आले तेव्हा जाऊबाई डाव्या हाताने तूर निवडत होत्या. मुकादमावर ढकलून मोकळं व्हावं असं दोनदा तोंडापर्यंत आलं. शेवटी म्हटलं, "आक्का, यादी मी भरलीवती."

त्यांनी मुठीतली तूर सुपात टाकली. मग म्हणाल्या, "मुकादमाला लिवता येत न्हाई. तुला येतंय. मंग माझं नाव कावून लिवलं न्हाईस?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यंदा मुकादम पुन्हा आला. मी केलेली यादी बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "वैनी, कोयते वीस अन् नावं चाळीस? हप्ता लई वाढंल की."

"वाढू द्या," मी म्हटलं. एकेक नाव त्याला वाचून दाखवलं, आधी बाईचं, मग नवऱ्याचं. जाऊबाईंचं त्यात नव्हतं. त्यांना आता कोयता धरवत नाही.