मामांचा मान

हळदीत दारू नको, असं आमच्या महिला मंडळाने एकदा ठरवून पाहिलं आणि आम्ही तोंडावर आपटलो. दारू बंद झाली नाही. ती मांडवातून उठून शेजारच्या खळ्यावर गेली आणि कोण किती पितो हे बघायलाही कुणी उरलं नाही. त्यामुळे शहापूरच्या एका संस्थेच्या बाई आमच्याकडे येऊ लागल्या तेव्हा त्यांनी बंदीचं नावच काढलं नाही. “पिणाऱ्याचं नंतर बघू,” त्या म्हणाल्या, “आधी वाढणाऱ्याला शिकवा.”

बाईंचं बरोबर होतं. आमच्याकडे पाहुण्याचा ग्लास रिकामा दिसणं म्हणजे घरधन्याची अब्रू गेली. नको म्हणणाऱ्याला आग्रह करून पाजायचं आणि मग तो मोटारसायकलवर बसून निघाला की मुलांना हात हलवायला लावायचं. मुरबाड रस्त्यावरच्या मोरीत लग्नसराईत कोणी ना कोणी पडलेलं असायचंच. नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट.

सभा घेऊन आम्ही नियम केले. दारू एकाच टेबलावर मिळेल आणि वाढणारा स्वतः पिणारा नसेल. पोरासोरांना थेंब नाही. गाडीची चावी मांडवाच्या दारातल्या दोरीला अडकवायची, प्यायलेल्याला ती सकाळीच मिळेल. पाहुण्यांना झोपायला शाळेच्या खोल्या झाडून ठेवायच्या. माईकवर हे सगळं मीच ठणकावून सांगितलं. मला वाटलं, जग सुधारलं.

नियमांची पहिली हळद आमच्याच घरी आली, माझ्या भावाची. टेबलावर बाबा. ते कधी पीत नसत आणि बोलतही फारसे नसत. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते बाटल्यांमागे असे बसले होते की जणू पोस्टाची खिडकी सांभाळताहेत. मी चाव्यांच्या दोरीपाशी.

मामा आले, आईचे धाकटे भाऊ. उंबरमाळीकडून मोटारसायकलवर, मागे मामी, दोघांच्या मध्ये त्यांची मुलगी. “घे गो, पोलीसबाय,” म्हणत त्यांनी हसत चावी माझ्या हातात दिली. मग ते टेबलावर गेले ते तिथलेच झाले. दिवेलागणीला त्यांचे पाय लटपटू लागले तसं बाबांनी बाटलीला झाकण लावलं. “आता पुरे, पाव्हणं. भात खा.”

मामी माझ्याशेजारी उभ्या होत्या. त्यांनी मोठा श्वास सोडला. पोरगी पेंगुळली होती. तिला उचलून त्या शाळेत गेल्या आणि चटईवर निजवून आल्या. आज राहायचं, हे त्यांनी धरून टाकलं होतं.

मामांच्या नाकाला मात्र मिरच्या झोंबल्या. “भयनीच्या दारात मला पुरे?” आहेराचं गाठोडं काखेत मारून ते दाराकडे निघाले. वाजंत्री थांबली. मामांचा आहेर झाल्याशिवाय आमच्यात हळद लागत नाही. आम्ही सगळ्या गावासाठी नियम केले होते. रुसणारा नवरदेवाचा मामाच असला तर काय, हा विचार एकीच्याही डोक्यात आला नव्हता.

आई बाबांच्या अंगावर धावून आली. “माझ्या भावाला माघारी धाडता? लेकाची हलद मोडायची हाय का तुमाला?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोरीकडे पाहिलं. मग भर मांडवात त्यांनी मामांपुढे हात जोडले. “चुकला माजा,” म्हणाले, आणि झाकण काढून ग्लास स्वतःच भरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला बाबांची लाज वाटली, आईची वाटली, आणि माईकवरचा माझा आवाज आठवून स्वतःची तर इतकी वाटली की कुठे तोंड लपवू असं झालं.

हळद लागली. मामा निघाले. आईने दोरीवरची चावी काढून त्यांच्या हातात ठेवली. मामी शाळेतून झोपलेल्या पोरीला उचलून घेऊन आल्या आणि मागे बसल्या.

ते सुखरूप पोचले. त्यामुळे सगळे म्हणाले, बघा, काय झालं का? पुढच्या हळदीला जो तो कुणाचा ना कुणाचा मामा निघाला आणि नियम तिथेच मेला. बाबा पुन्हा कुणाच्या टेबलावर बसले नाहीत. संस्थेच्या बाई आल्या की मी मागच्या दाराने शेतावर जायची.

पुढे मामांच्या त्याच मुलीची हळद निघाली. तोवर मोबाईल आले होते, मुलगी आसनगावहून लोकलने कामाला जात होती. मांडवाच्या दारात मामी तळहात पसरून उभ्या. माझ्या भावाची चावी त्यांनी दोरीला अडकवली. बाबांना हाताला धरून टेबलाकडे नेलं. “भावोजी, हितं तुमीच बसायचा.”

नवरीचे मामा म्हणजे मामींचे सख्खे भाऊ. संध्याकाळी तेही टेबलाशी रेंगाळू लागले, आहेर काखेत तसाच. त्यांनी ग्लास पुढे केला. बाबांचा हात बाटलीवर थांबला. म्हाताऱ्या माणसाने मांडवभर नजर फिरवून मामींना शोधलं.

“झाकन लावा, भावोजी,” मामी तिथूनच म्हणाल्या. “रुसला तर रुसू दे. हलद मी लावीन.”

बाबांनी झाकण लावलं. शेजारी बसलेल्या आईकडे बघायचं मला धाडस झालं नाही.