जमादारांनी उघडलेलं दार

जमादारांवर अन्याय झाला तो पंच्याऐंशी सालच्या गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी त्यांच्या हातात निलंबनाचा कागद पडला. अन्याय करणारं तुरुंग खातं, असं मी लगेच छापून मोकळी झाले असते. पण तो कागद आला माझ्याच पत्रकामुळे.

मुलुंडच्या आमच्या चाळीत ते समोरच्या खोलीत राहायचे. तुरुंगात जमादार, म्हणून सगळ्यांचेच जमादार. दिवसभर कुलपं लावणारा हा माणूस स्वतःच्या घराला कधी कुलूप लावायचा नाही. गावाला जातानाही नुसती कडी. त्यांच्या बायको, आमच्या काकू, वैतागायच्या, "चोर शिरला म्हणजे कळेल!"

"शिरू दे. शेवटी माझ्याकडेच येणार आहे ना!"

कैद्यांना ते 'अहो' म्हणायचे. मी तेव्हा कच्च्या कैद्यांसाठी काम करायला लागले होते. खटला उभा राहिलेला नाही आणि माणूस मात्र आत, अशांसाठी. मला त्या 'अहो'ची चीड यायची.

"गोड बोलून कोंडताच ना?"

"कोंडतोच. शिक्षा देणं कोर्टाचं काम, पोरी. आमचं काम, माणूस आला तसा परत द्यायचा."

"आणि दोन-दोन वर्षं परत दिलाच नाही तर?"

यावर ते बशीत चहा ओतून फुंकत बसायचे.

मढच्या कोळीवाड्यातला हरेश्वर त्यांच्या बराकीत होता. आरोप मारामारीचा. जामीन मंजूर झालेला, पण भांडण गावातल्याच बड्या होडीवाल्याशी, त्यामुळे गावातलं कुणी जामीन राहायला धजत नव्हतं. आईला मोतीबिंदूनं काही दिसत नाही. भेटीला आली की मध्ये दुहेरी जाळी. जाळीला तोंड लावून ती विचारायची, "यो माजाच पोर हाय ना?" एकदा जमादारांनी बाजूचं दार उघडलं, तिला आत घेतलं आणि तिचा हात हरेश्वरच्या गालावर ठेवला. रविवारी त्यांनी हे मला सांगितलं, तेही खाली बघत, चूक कबूल केल्यासारखं.

मी छापलं. 'तुरुंगातही माणूस आहे!' खाली त्यांचं नाव, हुद्दा, सगळं. गौरव म्हणून! घाटकोपर स्टेशनबाहेर मी स्वतः उभी राहून पत्रकं वाटली.

निलंबनाच्या कागदाला पुरावा म्हणून तेच पत्रक टाचलेलं होतं.

माफी मागायला गेले. वाटलं, आता तरी खात्याला शिव्या घालतील.

"नियम मी मोडला. त्यांनी बरोबर केलं."

"मग दार उघडलंत कशाला?"

"तेही बरोबरच होतं."

"दोन्ही कसं बरोबर असेल, जमादार?"

"मला काय विचारतेस? शिकलेली तू." मग म्हणाले, "पत्रक किती जणांनी घेतलं गं?"

"पुष्कळ. एक उरलं नाही."

"त्यातला हरेश्वरला जामीन राहायला कोण आला?"

त्याच वर्षी मे महिन्यात ते बिऱ्हाड उचलून चिपळूणकडे गेले. त्यांची चौकशी अजून चालूच आहे. तुरुंग कशासाठी असतो, हे मला दोन वर्षांपूर्वी अगदी पक्कं ठाऊक होतं. आज विचाराल तर मला धड सांगता येणार नाही. ज्याच्या विरोधात घोषणा द्यायच्या, त्याच फाटकावर आतल्यांची सर्वांत जास्त काळजी करणारा माणूस उभा होता, याचं काय करायचं?

हरेश्वर अजून आत आहे. मला कोर्ट जामीन म्हणून घेत नाही. नोकरी नाही, नावावर खोली नाही. तुमच्याकडे दोन्ही आहे. हे वाचून हळहळू नका. येत्या सोमवारी रेशनकार्ड आणि पगाराची चिठ्ठी घेऊन अंधेरीच्या कोर्टात या, आणि त्याला जामीन राहा.