घड्याळाखालचा डाग

लेकीने वाढदिवसाला रबरी पट्ट्याचं घड्याळ आणलं. खोका उघडताच नव्या रबराचा वास आला आणि मी थेट १९९०च्या कुवेतमध्ये पोचले.

रुमैथियातल्या त्वचारोगांच्या दवाखान्यात मी नर्स होते. जपानच्या एक वयस्क डॉक्टरीणबाई आम्हाला शिकवायला आल्या होत्या. रबर कारखान्यातल्या बायकांच्या हातांवरचे पांढरे डाग रबरातल्या रसायनाने येतात, हे त्यांनी तरुणपणीच शोधून काढलं होतं. रुग्ण तपासताना त्या हातमोजे काढून ठेवत.

एका दुपारी त्यांनी माझंच मनगट धरलं. "सिस्टर, हात धुतानाही घड्याळ काढत नाही तुम्ही?"

मी पट्टा सोडला. खाली पांढरा डाग होता. आम्ही इंग्रजीत बोलत होतो, पण माझ्या तोंडून मराठीच शब्द निघाला. "कोड," मी पुटपुटले.

"कोड? म्हणजे गुप्त खूण?"

होतं खरं गुपितच. घरून निघताना आईला घड्याळाखाली तो ठिपका दिसला, तेव्हा तिनेच पट्टा आवळला होता. "लग्न ठरेस्तोवर काढू नको हो बाय."

बाईंनी उघड्या बोटाने डागाची कड चाचपली, मग पट्टा नाकाशी धरला. "हा डाग या रबराने आलाय. पट्टा टाकून द्या, हळूहळू रंग भरेल."

वर्षभरात डाग भरला. आईला मी तेवढंच कळवलं. कशाने वाढला होता, ते ती असेपर्यंत सांगितलं नाही.

"आई, हात दे ना," लेक पट्टा उघडून उभी होती.

मी तोच हात पुढे केला.