पाण्यातला फौजदार

कारखान्यात त्यांना तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागं कुलूप. आपण दोन्ही जोडून कुलूपकाका म्हणू, म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको. सगळी नोकरी त्यांनी सामानाच्या कोठारावर काढली आणि त्यांच्या कारकिर्दीत तिथून एक वायसरसुद्धा फुकट बाहेर गेला नाही. सुटताना प्रत्येकाची पिशवी फाटकावर उघडून बघायची, हा नियमही त्यांनीच साहेबांच्या गळी उतरवलेला. निवृत्तीच्या दिवशी फाटकावरच्या शिपायानं त्याच नियमाप्रमाणे त्यांची पिशवी उघडली. आत रिकामा डबा आणि कारखान्यानं भेट दिलेलं घड्याळ. शिपाई म्हणाला, "काका, याची पावती?" काकांनी त्याला शाबासकी दिली, आत जाऊन पावती आणून दाखवली, आणि घरी येऊन आठवडाभर कुणाशी धड बोलले नाहीत.

बायको आधीच गेली होती. घर खायला उठायला लागलं तसे ते लेकीकडे राहायला आले. लेकीचा धंदा म्हाताऱ्या नि जायबंदी कुत्र्यांना पोहायला लावण्याचा. हे कळलं तेव्हा काकांनी एवढंच विचारलं, "का? त्यांना येत नाही?"

"येतं हो बाबा. पण पाण्यात अंगाचं ओझं वाटत नाही. जमिनीवर ज्याला उभं राहवत नाही तोसुद्धा पाण्यात पाय मारतो. पाय मारले की मांडीत जीव येतो."

"आणि लोक आणतात?"

"रांग आहे."

काकांनी नातेवाइकांना कळवलं की लेकीचा पाण्याचा व्यवसाय आहे. नातेवाइकांना वाटलं, टँकर असतील. काकांनी तो गैरसमज काही दूर केला नाही.

घरामागं लांबलचक शेड होती. मधोमध छातीइतक्या कोमट पाण्याचा हौद, एका टोकाला रबरी चटई घातलेला उतार, काचांवर बारा महिने वाफ, आणि ओल्या कुत्र्याचा असा वास की घरच्यांना तो येईनासा होतो, पाहुण्यांनाच तेवढा येतो. लेक रबरी पोशाख चढवून दिवसभर पाण्यात. कुत्र्याला पाठीवर मूठ असलेलं तरंगतं जाकीट घालायचं, पोटाखाली हात धरून पोहवायचं, मग पाण्यातच खुब्यापासून गुडघ्यापर्यंत अंगठ्यानं रगडायचं, आणि शेवटी नळीची कोमट धार जोरात पाठीवर सोडायची. काकांकडे टॉवेल आले. त्यांनी ते कुत्र्यांच्या मापानं लावले, हौदाच्या जाळीतले केस रोजच्या रोज काढायला घेतले, आणि "मला कुत्र्यांचं काही विशेष नाही" असं सगळ्यांना सांगता सांगता कुणाला कानामागं दाबलेलं आवडतं नि कुणाला शेपटीच्या बुडाशी, हे पाठ करून टाकलं. खोटं कशाला बोला, कुत्री त्यांच्यावर जीव टाकत. एक जाडी म्हातारी कुत्री तर फक्त त्यांच्याच हातून पुसून घ्यायची. लेकीनं टॉवेल धरला की तोंड फिरवायची.

अशात फौजदार आला. कोपऱ्यावर शिवणकाम करणाऱ्या टेलरबाईंचा हा कुत्रा. बाई एकट्या. खाली दुकान, वर खोली, आणि दुकान राखायला हा काळा, थोराड, डोक्यानं दगड असलेला गडी. खिडकीतल्या मांजरामागं माळ्यावरून उडी टाकली आणि खुबा गेला. वयही झालेलं. जनावरांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, मागच्या पायांत बळ आलं तर ठीक. नाही आलं तर हे एवढं धूड पडून राहील, अंगाला जखमा होतील, आणि मग त्याला सोडवण्याशिवाय इलाज नाही. बाईंना तो उचलवत नव्हता. त्या त्याला चादरीत घालून, शेजाऱ्यांच्या हातापाया पडून आणायच्या.

आणि हा पाण्यात काय करायचा, तर काही नाही. जाकिटाच्या मुठीला धरलं की पोत्यासारखा लोंबायचा. चेंडू टाकला तर दुसऱ्या कुणाचा तरी पडलाय अशा चेहऱ्यानं बघायचा. बिस्कीट तोंडापर्यंत आलं तर खायचा, वीतभर लांब असलं तर आशा सोडायचा. बाई पलीकडच्या काठावरून घसा फोडून हाका मारायच्या. हा बघायचा, की एवढं असेल तर तूच ये.

"बळ आहे की नाही तेच कळत नाही," लेक म्हणाली. "लावतच नाही तो."

एक दिवस बाईंनी आपली हँडबॅग हौदाच्या काठावर ठेवली. अगदी शिंतोड्यात. आता वस्तू जागेवर नसली की काकांना अन्न गोड लागत नाही. त्यांनी बॅग उचलली आणि कोरड्या बाकाकडे निघाले. मागं पाणी फुटल्यासारखा आवाज झाला. वळून बघतात तर फौजदार चारी पाय मारत, लेकीला मुठीसकट ओढत, तोंडात पाणी नि भुंकणं एकदमच, थेट त्यांच्या अंगावर येतोय. काकांच्या हातून बॅग पडली. बॅग पडल्याबरोबर फौजदार थांबला आणि पुन्हा लोंबायला लागला.

"बाबा," लेक म्हणाली, "परत उचला."

"काय?"

"बॅग. उचला आणि पळा."

"मी कशाला पळू? मी जागेवर ठेवतोय."

"बाबा, पळा."

काका पळाले. कोठाराची राखण करण्यात ज्याचा जन्म गेला तो माणूस बाईमाणसाची हँडबॅग काखोटीला मारून हौदाभोवती पळाला, आणि फौजदार पहिल्यांदा मागच्या दोन्ही पायांनी पोहला. टेलरबाई तोंडाला पदर लावून रडत होत्या. काकांना वाटलं, बॅगेसाठी रडतात. त्यांनी ती लगेच परत केली.

दुसऱ्या कुणी उचलून बघितली, तर फौजदारानं ढुंकून पाहिलं नाही. त्याची तक्रार एकाच माणसाविरुद्ध नोंदली गेली होती. तेव्हा आठवड्यातून दोनदा काकांनी चोरी करायची असं ठरलं. सुरुवातीला जमेना. "तुम्ही बॅग उचलताना परवानगी घेतल्यासारखं तोंड करता," लेक म्हणायची. "जरा इकडेतिकडे बघा. खांदे पाडा." काकांनी चोर पकडले होते पुष्कळ, त्यामुळं चोर कसा चालतो हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं, अंगात उतरायला तेवढा वेळ लागला. मग मात्र त्यांनी हात साफ केला. बॅग झाली, छत्री झाली, बाईंच्या चपला झाल्या. चोरलेली प्रत्येक वस्तू ते शेवटी पुसून परत करत आणि बाईंना म्हणत, "बघून घ्या. काही राहिलं नाही ना?"

फौजदाराच्या मांडीला मांस धरायला लागलं. पण त्याचा राग काही हौदापुरता राहिला नाही. एकदा काका भाजी घेत होते आणि टेलरबाई त्याला हातगाडीवर बसवून तिथून चालल्या होत्या. फौजदार गाडीवर उठून उभा राहिला, कधी नव्हे ते आपल्या पायांवर, आणि काकांकडे बघून असा काही भुंकला की आख्ख्या रस्त्यानं आपापले खिसे चाचपले. बाईंनी जीव तोडून सांगितलं की हे तसे नाहीत. भाजीवाला म्हणाला, "बाई, मुक्या जनावराला बरोबर कळतं." तेव्हापासून तो काकांची पिशवी जाताना बघून घ्यायचा. काकांनी दुकान बदललं नाही. बघणं चूक नाही, म्हणाले. पण घरी येऊन भाजी ओट्यावर ठेवली आणि बराच वेळ हौदाची जाळी घासत बसले, जी सकाळीच घासली होती.

लोकांचं एक वेळ सोडा. काकांना खरं लागलं होतं ते वेगळंच. शेडमध्ये आलेल्या प्रत्येक कुत्र्याला त्यांनी पुसलं होतं, फक्त याला नाही. पोहून झालं की लेक म्हणायची, बाबा, तुम्ही आत जा. ते आत जायचे, आणि काचेवरची वाफ पुसून बघत राहायचे. याच्या कानाला हात लावायला मिळत नाही म्हणून या वयाचा माणूस मनातून कष्टी व्हायचा. होता तो कष्टी, त्यात लपवायचं काय.

शेवटी राहवलं नाही. पोहण्याआधी लेक पोशाख चढवायला आणि बाई हातपाय धुवायला गेल्या की काका उतारापाशी पाठ करून बसायचे आणि मागच्या मागं एक बिस्कीट सरकवायचे. पहिल्यांदा ते तसंच पडून राहिलं. पुढच्या वेळी काका उठून गेल्यावर गेलं. मग ते बसलेले असतानाच जाऊ लागलं. आणि एक दिवस फौजदारानं बिस्कीट तळहातावरून उचललं आणि तळहात चाटला. त्या दिवशी काका फार खूश होते. लेकीला म्हणाले, आज आमटी छान झालीय. आमटी रोजचीच होती.

पुढच्या वेळी त्यांनी बॅग उचलली, इकडेतिकडे बघितलं, खांदे पाडले नि पळाले. मागं काही आवाज नाही. वळून बघितलं तर फौजदार पाण्यात लोंबतोय आणि पाण्याखाली शेपूट हलवतोय.

"काय दिलंत त्याला?" लेकीनं विचारलं.

"काही नाही."

"बाबा."

"बिस्कीट."

लेक ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फौजदाराच्या पोटाखालचा हात तसाच ठेवला आणि हळूच म्हणाली, "तुम्ही त्याला आवडून चालणार नाही, बाबा. तो आत्ता कुठं उभा राहायला लागलाय. आता पाय मारणं सुटलं तर बळ परत नाही यायचं."

काका खिशातून बिस्कीट काढून काठावर बसले आणि फौजदाराच्या तोंडापुढं धरलं. त्यानं विश्वासानं मान पुढं केली. काकांनी बिस्कीट मागं घेतलं. पुन्हा धरलं, पुन्हा मागं घेतलं, आणि त्याच्यादेखत स्वतः खाल्लं. मग बाकावरची त्याची स्वतःची जुनी गोधडी, जिच्यावर तो पिल्लू असल्यापासून झोपायचा, ती उचलली. फौजदाराचं शेपूट थांबलं. त्याच्या डोळ्यांत जे आलं ते काकांनी बघून घेतलं आणि पळाले. त्या दिवशी फौजदार उतारावरून स्वतःच्या चार पायांनी वर चढला, धापा टाकत, दात दाखवत. बाई आनंदानं खालीच बसल्या. काका शेडच्या मागं उभे होते, गोधडी पोटाशी धरून. रात्री जेवले नाहीत.

पुढं फौजदार जिना चढायला लागला. दुकानाच्या दारात बसायला लागला. त्याचं पोहणं बंद झालं आणि काका चोरीतून मोकळे झाले. कोपऱ्यावरून जायची वेळ आली तर ते मागच्या गल्लीनं जायचे, म्हातारा उगाच चिडायला नको म्हणून. चांगले दिवस गेले, आणि भरपूर गेले.

मग एका सकाळी टेलरबाईंचा फोन आला. फौजदार चार दिवस उठला नव्हता, खात नव्हता. आता खुब्याचा प्रश्न नव्हता, वयाचा होता. नेहमीचे डॉक्टर परगावी होते, त्यांच्या जागी कुणी नवीन डॉक्टरीण दुपारी त्याला सोडवायला येणार होती. लेक निघाली. काकाही निघाले, पण दुकानाबाहेरच थांबले. बाई बाहेर आल्या. "आत या," म्हणाल्या. "आता त्याला फारसं दिसत नाही. हात फिरवा एकदा. तुमची फार इच्छा होती, मला माहितीय."

कापडाच्या टेबलाखाली गोधडीवर तो पडला होता. काका गुडघ्यावर बसले, हात पुढं केला. फौजदाराचं नाक हललं. ओठ वर गेला. मान उचलायची धडपड करत तो एकदा काकांकडे बघे आणि एकदा खुर्चीवर लटकलेल्या बाईंच्या बॅगेकडे. त्याच्या छातीत घरघर सुरू झाली. भीती नव्हती ती. कामाची वेळ झाली होती, आणि अंग उठत नव्हतं.

काकांनी हात मागं घेतला. इकडेतिकडे बघितलं. खांदे पाडले. खुर्चीवरची बॅग उचलली आणि दाराकडे निघाले, पण इतके सावकाश की एक पाऊल टाकायला त्यांना कधी एवढा वेळ लागला नसेल. मागं फरशीवर नखं घासली. लेक पुढं झाली तसं काकांनी मानेनंच नाही म्हटलं. फौजदार पुढच्या दोन पायांवर अंग ओढत आला, पोहोचला, आणि उरल्यासुरल्या दातांनी त्यानं काकांच्या पँटचं टोक पकडलं.

काका थांबले. वाकून बॅग त्याच्यासमोर ठेवली. फौजदारानं बॅगेवर हनुवटी टेकली. पँट सोडली नाही.

"एवढी वर्षं राखलं त्यानं दुकान," बाई म्हणाल्या. "पण त्याच्या हाती कधी कुणी सापडला नाही. कुणी आलंच नाही हो कधी चोरायला."

डॉक्टरीण आली तेव्हा तिघं तशीच होती, बाई खाली बसलेल्या, लेक भिंतीशी, आणि मधोमध एक म्हातारे गृहस्थ सरळ उभे. तिनं फौजदाराला बघितलं, बाईंशी हळू आवाजात बोलली, बाईंनी मान हलवली. मग ती काकांना म्हणाली, "आपण जरा बाजूला होता का? आपण घरचे?"

"नाही," कुलूपकाका म्हणाले. "मी चोर आहे. यानं पकडलंय मला. मला हलता यायचं नाही."